विश्लेषण : साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य, तरी माळढोक का गेला?

सोलापूरहून बार्शीकडे जाताना साधारण वीस किलोमीटरवर नान्नज लागते. या गावाची महाराष्ट्राला ओळख दोन गोष्टींमुळे. एक द्राक्षांमुळे. ‘सोनाका’ हा बिनबियांचा वाण येथील शेतकरी नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने पुढे आणला आणि तो राज्यभरच्या बागांत पोहोचला. दुसरी ओळख माळढोकाची. बागांचा विस्तार होत गेला, माळढोक मात्र दिसेनासा झाला. अलीकडच्या वर्षांत तेथे कधी एखाददुसरा पक्षी नजरेस पडतो, कधी तोही नाही.

यावर जिल्ह्यात दोन तक्रारी ऐकू येतात. शेती आणि उद्योगाने पक्षी संपवला, ही पहिली. पक्ष्याने सात तालुक्यांचा विकास तीन दशके अडवून ठेवला, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. परंतु नान्नजचा खरा दोष या दोहोंच्या मधे आहे आणि तो समजून न घेता आता नवे निर्णय होऊ घातले आहेत. पक्षीच उरला नाही तर उरलेले अभयारण्य तरी कशाला, असा सूर वाढतो आहे आणि माळरानाच्या मोकळ्या जमिनीला सौर प्रकल्पांच्या रूपाने नवा गिऱ्हाईक मिळाला आहे.

अभयारण्य एवढे मोठे का झाले?

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे नान्नजचे माळढोक अभ्यासकांच्या नजरेत आले. तो काळ ७२च्या दुष्काळाचा. अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमात काही माळ कुंपण घालून राखले गेले होते. तेथे गवत वाढले आणि माळढोकाला विणीसाठी निवांत जागा मिळाली. म्हणजे पक्ष्याला पहिला आसरा मिळाला तो वन्यजीव कायद्याने नव्हे, दुष्काळ निवारणाच्या कामाने. हे पुढच्या चर्चेत सहसा कोणी आठवत नाही.

१९७९ मध्ये राज्य सरकारने माळढोक अभयारण्याची अधिसूचना काढली. क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक. सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा, नेवासा अशा तालुक्यांत ते पसरले होते. हेतू वाईट नव्हता. माळढोक एका जागी बसणारा पक्षी नाही. पाऊस, गवत आणि टोळ-किड्यांच्या मागे तो लांबवर भटकतो. त्याचा वावर असेल तो सारा टापू कवेत घ्यावा, असा विचार त्यामागे असावा. परंतु या टापूचा मोठा भाग खासगी शेतजमिनीचा होता. तेथे गावे होती, आठवडी बाजार होते, विहिरी होत्या, पिढ्यान्पिढ्या शाळू पिकवणारे शेतकरी होते. नकाशावर रेघ मारताना त्यांना कोणी विचारले नाही.

जमीनमालकाचे नेमके काय अडले?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील कलम २० येथे महत्त्वाचे आहे. अभयारण्याची अधिसूचना निघाल्यानंतर त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसा किंवा मृत्युपत्राखेरीज नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही, असे हे कलम सांगते. पुढच्या कलमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे हक्क तपासायचे, दावे ऐकायचे, कोणती जमीन संपादित करायची आणि कोणती वगळायची ते ठरवायचे. कायद्याची रचना अशी की बंदी तात्पुरती असावी आणि निवाडा लवकर व्हावा. प्रत्यक्षात देशभर बंदी तत्काळ लागू झाली आणि निवाडा रेंगाळला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ही प्रक्रिया वर्षभरात उरका, असे बजावले होते. त्यावरूनच किती अभयारण्यांत ती अर्धवट होती याची कल्पना यावी.

अशा अर्धवट स्थितीचा फटका छोट्या माणसाला जास्त बसतो. मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकायची तर व्यवहार अडतो. विकता न येणाऱ्या जमिनीला तारण म्हणून किंमत राहत नाही. गावाबाहेर डाळमिल, शीतगृह किंवा मंगल कार्यालय काढायचे तर बिगरशेती परवान्याची फाइल वनखात्याच्या नाहरकत प्रमाणपत्रापाशी थांबते. मोठा प्रकल्प असेल तर त्याच्यामागे दिल्लीच्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत पाठपुरावा करणारी माणसे असतात. बेदाण्याचे शेड टाकू पाहणाऱ्याकडे ती नसतात. त्यामुळे झाले काय, तर ज्या गावांनी माळढोक राखायचा त्या गावांत ‘माळढोक’ हा शब्द अडवणुकीला समानार्थी ठरला. पक्ष्याने स्वतः कोणाचे काही खाल्ले नव्हते. उलट शेतातले टोळ आणि भुंगे तो खातो.

अखेर राज्याने क्षेत्राची फेररचना मागितली. सन २००० पासून अभयारण्याची हद्द बदलायला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागत असल्याने यालाही वर्षे गेली. ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, तेव्हा मूळ अधिसूचनेला तीन दशके उलटली होती.

मग सोलापूरचा उद्योग माळढोकानेच अडवला का?

असे म्हणणे सोयीचे आहे, पण अर्धेच खरे. सोलापूर शहराची ओळख असलेल्या कापड गिरण्या बंद पडल्या त्या पक्ष्यामुळे नव्हे. जुनी यंत्रे, बदललेली बाजारपेठ, यंत्रमागाशी स्पर्धा आणि कामगार प्रश्न यांची ती कहाणी आहे. दुसरीकडे, अभयारण्य कागदावर असतानाच उजनी धरणाचे पाणी आले आणि सोलापूर राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे बंदी असलेल्या प्रदेशात शेतीचा सगळा चेहरामोहरा बदलला. जे अडले ते परवान्याच्या खिडकीपाशी जाणारे व्यवहार. जे परवान्याविना होते, ते होत राहिले. आणि माळढोकाच्या दृष्टीने नेमके तेच निर्णायक होते.

पक्षी कशाने गेला?

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला दूरवर दिसेल असे सपाट रान लागते. गुडघाभर गवत, मधे शाळू, करडई, भुईमूग, हरभरा यांची जिरायती शेते, पुन्हा पड. सोलापूरचा जुना माळ असाच होता. मेंढ्या चरायच्या, पाऊस कमी म्हणून पीक ठेंगणे, आणि रात्री माणसांची वर्दळ नाही.

पाणी आल्यावर हा पट फुटला. ऊस पुरुषभर उंच वाढतो. त्यात माळढोकाला ना दिसते, ना चालता येते. द्राक्षबागेचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांची जाळी. शेततळी आली, कुंपणे आली, वस्त्या शेतात आल्या, त्यांच्याबरोबर कुत्री आली. जमिनीवरच्या अंड्याला आणि पिल्लाला हे फार महागात पडते. विजेच्या तारांचे संकट वेगळेच. माळढोकाचे डोळे बाजूला असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. राजस्थानच्या थर भागात दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. देशातली एकूण संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

यात सरकारी खात्यांचाही हात आहे. माळरान म्हणजे ‘पडीक’, आणि पडीक म्हटले की झाडे लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड. नान्नजच्या गवताळ तुकड्यांत गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली. सावली पडली, उघडे रान झाकले गेले आणि लपून बसणाऱ्या शिकारी प्राण्यांची सोय झाली. पुढे गिरिपुष्प काढण्याची मोहीम वनखात्यालाच हाती घ्यावी लागली. ज्या खात्याने अभयारण्य राखायचे त्यानेच आधी त्यात जंगल उभे करायचे आणि मग ते तोडायचे, यावर दोन्ही वेळा खर्च झाला तो जनतेच्या पैशातून. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी माळ आणि विरळ गवताळ प्रदेश ‘वेस्टलँड’ म्हणूनच रंगवले जातात. एकदा तो रंग चढला की ती जमीन कशालाही देता येते.

क्षेत्र लहान ठेवले असते तर?

गुजरातने ते करून पाहिले. कच्छमध्ये नलियाजवळ माळढोकासाठी १९९२ मध्ये अभयारण्य झाले, क्षेत्र अवघे दोन चौरस किलोमीटर. त्याच्या भोवती पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या उभ्या राहिल्या. आता तेथे बोटांवर मोजता येतील इतक्या माद्या उरल्या आहेत, नर नाही. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ मध्ये सुमारे २०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तेथेही जमिनीचे व्यवहार अडले. संरक्षणामुळे काळवीट वाढले, ते पिकात शिरू लागले, भरपाईवरून राग साचला आणि १९९०च्या दशकात माळढोक दिसेनासा झाला. नंतर अभयारण्याचा दर्जाच गेला. राजस्थानात मरु राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे. त्यातील गावे आजही रस्ते आणि विजेसाठी भांडतात. मात्र तेथील बंदिस्त गवताळ कुरणे आणि लगतच्या लष्करी सराव क्षेत्राची मोकळी जमीन यांमुळे देशातील बहुतेक माळढोक जैसलमेर जिल्ह्यातच टिकून आहेत.

दोन चौरस किलोमीटर अपुरे, साडेआठ हजारही निरुपयोगी. या चार उदाहरणांतून एवढे दिसते की हद्दीचा आकार हा मूळ प्रश्न नाही. खासगी जमिनीचा मालक ती जमीन गवताळ किंवा जिरायती ठेवतो की नाही, यावर पक्ष्याचे जगणे ठरते. त्याने तसे का ठेवावे, याचे उत्तर एकाही अभयारण्याने त्याला दिलेले नाही.

वीजवाहिन्यांच्या वादातही हेच घडले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातच्या माळढोक क्षेत्रांत, शक्य तेथे, तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. त्याच्या कक्षेत सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर येत होते. सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प अडतील म्हणून केंद्राने हरकत घेतली आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट बंधन शिथिल करून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला. एवढ्या मोठ्या प्रदेशावर एकच नियम लादला की तो आज ना उद्या सैल होतो, ही नान्नजचीच पुनरावृत्ती.

आता वाचवायचे काय उरले?

माळढोक नाही म्हणून नान्नजचा माळ रिकामा नाही. लांडगा, खोकड, काळवीट येथे आहेत. हिवाळ्यात भोवत्या ससाण्यासारखे पाहुणे शिकारी पक्षी गवतात उतरतात. चंडोल, धाविक आहेत. भारतीय लांडग्याला वाघासारखे राखीव जंगल नसते. तो मेंढपाळांच्या वाटांवर आणि गावांच्या कडेला जगतो. सोलापूर-पुणे-अहिल्यानगरचा माळ हा त्याच्या महत्त्वाच्या आसऱ्यांपैकी एक.

दुसरे कारण भविष्याचे. जैसलमेरमध्ये २०१९ पासून माळढोकाचे बंदिस्त प्रजनन सुरू आहे आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मले. या पिढीला कधीतरी मोकळ्या रानात सोडावे लागेल. तेव्हा महाराष्ट्राने आपल्याकडेही पक्षी द्या म्हटले, तर दाखवायला गवत असले पाहिजे. ते एकदा नांगरले, खणले किंवा पॅनेलखाली गेले की पुन्हा तयार व्हायला काही वर्षे नव्हे, दशके लागतात. मुरमाच्या खाणी आणि शहराच्या कडेचे प्लॉटिंग यांनी ते आधीच कुरतडले आहे.

गवताचा दर किती?

संतुलनाची चर्चा इथे रुपयांत करायला हवी, कारण समोरच्या बाजूने ती रुपयांतच होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमीन देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. सरकारी जमिनीवर प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षे प्रत्येकी पाच लाख रुपये. शेतीला दिवसा वीज देणारी ही योजना सोलापूरच्या शेतकऱ्याला हवीच आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण तोच शेतकरी आपली पाच एकर पड गवतासाठी राखतो म्हणाला, तर त्याला मिळणारी रक्कम शून्य. गावच्या गायरानावर मेंढ्या चरतात, लांडगा वावरतो, पावसाचे पाणी मुरते. त्याचेही सरकारी मूल्य शून्य. या दोन आकड्यांच्या स्पर्धेत गवत जिंकेल अशी अपेक्षा कोणी करू नये.

सौर भाड्याच्या निम्म्या दराने, म्हणजे हेक्टरी साडेबासष्ट हजार रुपयांनी, एक हजार हेक्टर गवताळ जमीन करारावर घेतली तर वर्षाचा खर्च सव्वासहा कोटी होतो. राज्याच्या तिजोरीला तो जड नाही. एक हजार हेक्टर म्हणजे दहा चौरस किलोमीटर. वनखात्याच्या ताब्यातील विखुरलेल्या तुकड्यांना जोडणाऱ्या जागा नेमक्या निवडल्या, तर साडेआठ हजारांच्या कागदी हद्दीने दिले नाही ते एवढ्यातून मिळू शकते. करार पाच किंवा दहा वर्षांचा असावा, जमीन मालकाच्याच नावावर राहावी, आणि पाऊस-विणीच्या महिन्यांत नांगरट व कुंपण नसावे, एवढ्याच अटी. कायद्यातही वाट आहे. २००२च्या दुरुस्तीने खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर लोकांच्या संमतीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ करण्याची तरतूद झाली. महाराष्ट्राच्या माळरानांसाठी तिचा मनापासून वापर झालेला नाही.

मोबदल्याच्या जोडीला स्थानिक व्यवसायही आहेत आणि ते शोधायला लांब जावे लागत नाही. पौष-माघात हुर्डा खायला शहरांतून गाड्या येतात. हुर्डा शाळूचा, शाळू जिरायतीचा आणि जिरायती शेत माळढोकाच्या सोयीचे. इंदापूरच्या कडबनवाडी आणि बारामतीच्या शिर्सुफळ भागात वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, स्थानिक तरुण वाटाड्याचे काम करतात. नान्नजला असे काही नेटाने उभे राहिले तर लांडगा पाहायला येणारा माणूस गावात जेवेल, राहील. तथापि पर्यटनावर फार भिस्त ठेवणे धोक्याचे. ताडोब्यात वाघ दिसतो म्हणून गर्दी होते, माळावर दुर्बिणीतून चंडोल पाहणाऱ्यांची संख्या मर्यादितच राहणार. आणि ती वाढली तर रात्रीच्या जीपगाड्या लांडग्याच्या विवराभोवती फिरू लागतील, हेही होऊ शकते. उत्पन्नाचा कणा गवताच्या मोबदल्याचाच असायला हवा.

उलट बाजूनेही स्पष्टता लागेल. ज्या जमिनी आता अभयारण्याबाहेर आहेत आणि ज्यांचे गवत केव्हाच गेले आहे, तेथे प्रक्रिया उद्योगाला, शीतगृहाला, बेदाणा शेडला वन्यजीवांच्या नावाने खेटे घालायला लावू नयेत. आत कोणता गट क्रमांक येतो आणि बाहेर कोणता, हे तलाठ्याच्या दप्तरात एका नजरेत कळले पाहिजे. सौर प्रकल्पासाठी जमीन सुचवताना महसूल खात्याने ‘पड’ या एका शब्दावर न थांबता वनखात्याचा गवताळ नकाशा शेजारी ठेवला, तर बरेचसे वाद फाइल तयार होण्याआधीच मिटतील. असा नकाशा गावनिहाय करणे हे एका हंगामाचे काम आहे.

तोवर माळाकडेच्या ग्रामपंचायतींपुढे गायरानाचा ठराव येत राहील. एका बाजूला पंधरा लाखांचा आकडा लिहिलेला असेल. दुसऱ्या बाजूची जागा आज तरी कोरी आहे.